मापटंभर हसू

नाटकाला आलेल्या माणसांना मी दिसत नाही. मी विंगेच्या कोपऱ्यात नाहीतर प्रेक्षागृहामागच्या काचेच्या खोलीत बसलेला असतो, समोर मिक्सर आणि लॅपटॉप. दारावरची बेल, बाहेरचा पाऊस, दोन प्रवेशांमधलं संगीत, सगळं माझ्या बोटाखालून जातं. पुण्यात तीस वर्षं हेच काम करतोय, आधी कॅसेटवर, मग सीडीवर, आता लॅपटॉपवर. विनोदी नाटकात या कामाची एक खुबी आहे. वाक्यावर हशा आला की पुढचा आवाज लगेच सोडायचा नसतो. हशा चढतो, वर जाऊन क्षणभर टेकतो, मग उतरायला लागतो. तो उतरणीला लागला की बोट पडलं पाहिजे, पुरता विझायच्या आत. लवकर पडलं तर हसणाऱ्याच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखं होतं, उशिरा पडलं तर स्टेजवरचा नट उघडा पडतो.

हे कुठं शिकलात, असं नवी मुलं विचारतात. मी खरं तेच सांगतो. जुन्नर तालुक्यात, येडगावला, माझ्या थोरल्या चुलतीकडं. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. मला ती शिकवत होती तेव्हा तिनं नाटकाचं थेटर पाहिलेलं नव्हतं आणि घरात टीव्हीही नव्हता.

मी जन्मानं मुंबईचा. वडील गिरणीत, बिऱ्हाड डिलाईल रोडच्या चाळीत. जुन्नर-आंबेगावच्या बहुतेक घरांतलं एखादं माणूस तेव्हा मुंबईला असायचं, कुणी गिरणीत, कुणी माथाडीत. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. महिन्याभरात मिटेल म्हणणारी माणसं उन्हाळा सरता सरता वाण्याच्या दुकानासमोरून जायला संकोचू लागली. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी वडिलांनी मला नारायणगावच्या एसटीत बसवलं. अकरा वर्षांचा होतो. हातात एक पिशवी होती आणि डोक्यात शेजारच्या बिऱ्हाडातला टीव्ही. त्यांच्या उंबऱ्यात बसून मी 'चिमणराव-गुंड्याभाऊ' पाहिलं होतं, विनायक चासकरांचा 'गजरा' पाहिला होता. चि. वि. जोशींचं पुस्तक हातात पडायच्या कितीतरी आधी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे हेच माझे चिमणराव आणि गुंड्याभाऊ झाले होते.

येडगावचं धरण तेव्हा पाच वर्षांचं होतं, 1977 चं. आमची नदीकाठची दोन वावरं फुगवट्याखाली गेली होती. नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, पाणी उतरलं की उन्हाळ्यात तिथं जाऊन जुना बांध कुठं होता ते बघून यायचे. पुढं कुकडी प्रकल्पात माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी सगळी धरणं जोडली गेली, येडगावातून निघणारा डावा कालवा पार श्रीगोंदा-कर्जतपर्यंत पाणी न्यायला लागला. गावात मात्र लोक एवढंच म्हणतात, 'आवर्तन सुटलं'. तबल्याचं आवर्तन मला पुण्यात कळलं. त्याआधी माझ्यासाठी तो शब्द पाण्याचा होता.

पहिला आठवडाभर मी कुणाशी बोललो नाही. एका रात्री आक्का चुलीपुढं बाजरीची भाकरी थापत होती. नाना मळ्यात होते. तिनं वर न बघता विचारलं, "तुमच्या म्हमईत रातचं काय करता रं?" मी म्हणालो, टीव्ही बघतो. "त्यात काय असतं?" मला सांगता येईना, म्हणून मी उठून उभा राहिलो आणि चिमणराव करून दाखवला. मग गुंड्याभाऊ. मग पुन्हा चिमणराव. भिंतीवर माझी सावली नाचत होती. आक्कानं भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्याला लावली, ती टम्म फुगली, बोटानं दाबून वाफ काढली, टोपल्यात टाकली. हसली नाही.

"तू आधीच हसलास," ती म्हणाली. "आता मी काय हसू?"

मग पुढची भाकरी थापायला घेत म्हणाली, "परत कर. हसू तोंडात धरून कर."

मी परत केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा ती हसली. आणि हसून झाल्यावर जे बोलली ते मला तेव्हा अजिबात कळलं नाही. "चिपटंभर झालं. मापटंभर हुईल."

आता हे मापाचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडं धान्य तेव्हा मापानं मोजायचे. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे पायली. आक्का हसू याच मापांत मोजायची, आणि तिला ती सवय लागली तमाशामुळं, जो तिनं तोवर कधी पाहिलाच नव्हता.

नारायणगाव आमच्या शेजारचं. तमाशाची पंढरी म्हणतात त्याला. गुढीपाडव्याच्या आधी तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. 1957 आणि 1990 असा दोनदा राष्ट्रपतींच्या हाताने सन्मान झालेली ही बाई, आणि आमच्या भागातल्या आक्काच्या वयाच्या बायकांनी तिचं नाव लहानपणापासून ऐकलेलं, पण तिला स्टेजवर पाहिलेली बाई मला आमच्या आळीत तरी भेटली नाही. घरंदाज बाईनं तमाशाला जायचं नसे. चैत्रात गावची जत्रा झाली की फड माळावर लागायचा, बापे जेवून निघायचे आणि बायका अंगणात घोंगडं टाकून पडायच्या.

पडून ऐकायच्या. तेवढं कुणाला अडवता आलं नाही.

आक्कानं लग्न होऊन आल्यापासून असे वीस-बावीस चैत्र ऐकले होते. माळ घरापासून इतका लांब की बोललेलं कळायचं नाही, कर्ण्यातून नुसता घोगरा आवाज यायचा. ढोलकी आणि हलगी मात्र लख्ख. त्यावरून तिला गण कळायचा, गवळण कळायची. मग वाद्यं थांबायची. म्हणजे बतावणी सुरू झाली. आता सोंगाड्या बोलत असणार. इकडं अंगणात एक अक्षर पोचत नाही, आणि मग एकदम माळावरून हसू उठायचं, हजारभर बाप्यांचं, आणि पाण्यावरून घरंगळत यायचं. पुन्हा शांत. पुन्हा हसू. शब्द नसलेला विनोद ती ऐकत होती, फक्त त्याचं पीक तिच्या अंगणात पडत होतं. मग ती मोजायला लागली. किती वेळ गप्प होते, मग किती हसले. गप्पपणा मोठा असला की हसू मोठं येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तीन हसू लागोपाठ आली तर चौथं मरतं. आधी चिपटं, मग मापटं, मग थोडं थांबून एकदम पायली, असं ज्याला जमतं तो सोंगाड्या भारी. कोण भारी आणि कोण हलका हे ती सकाळी नानांना सांगायची. नाना रात्रभर पुढच्या रांगेत बसून आलेले असायचे, आणि दोघांचं मत जुळायचं.

त्या पावसाळ्यात मी रोज रात्री काहीतरी करून दाखवलं. मुंबईचा साठा संपला तेव्हा मी माझ्या मनानं चिमणरावाला येडगावात आणलं, एसटीत बसवलं, धरणावर नेलं. आक्का माप सांगायची. गावातल्या शाळेत माझ्या मुंबईच्या बोलण्याला मुलं चिडवायची, आईची चिठ्ठी पंधरा-पंधरा दिवस यायची नाही. संध्याकाळ झाली की मात्र मला घाई व्हायची, कारण चुलीपुढं माझी वाट बघणारं एक माणूस होतं. संपात ज्यांची घरं मोडली त्या पोरांचं काय काय झालं ते मी नंतर पाहिलं. मला त्या वर्षी कुणीतरी रोज रात्री नीट ऐकून घेतलं. तिच्या उपकारांची गणती करायची तर पहिला हा.

रेडिओबद्दलची तिची मतंही अशीच, कामाच्या हातांनी सहज टाकलेली. घरात रेडिओ होता, कातडी पिशवीतला. 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी तिला आवडायचे, कारण ते घरात आले की मीनावहिनींचा आवाज बदलतो म्हणे. मी कान देऊन ऐकलं, खरंच बदलायचा. नीलम प्रभूंच्या आवाजातला तो बारीक फरक एका शेतकरी बाईनं भांडी घासता घासता टिपला होता.

'आपली आवड'साठी ती माझ्याकडून पोस्टकार्डं लिहून घ्यायची. गाणं तिला फारसं महत्त्वाचं नसायचं. खाली नावं लिहायची असायची, आळीतल्या सगळ्या बायकांची, पूर्ण नावं. या बायकांना त्यांचे नवरे 'अगं' म्हणायचे, सासवा 'सूनबाई' म्हणायच्या, पोरं आई म्हणायची. स्वतःचं नाव तोंडानं ऐकायला त्यांना माहेरी जावं लागायचं. एका संध्याकाळी आमचं कार्ड वाचलं गेलं. निवेदिकेनं आठ नावं घेतली, एकेक, सावकाश, गाव येडगाव, तालुका जुन्नर. शेजारची काकू पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. गाणं कुठलं लागलं ते कुणालाच आठवत नाही.

1986 साली कांद्याचे दोन पैसे झाले आणि नानांनी काळा-पांढरा टीव्ही आणला. पुण्याकडून येणारं चित्र पकडायला उंच बांबूवर अँटेना बांधली, वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. 'ये जो है जिंदगी'चे जुने भाग कधीतरी लागायचे. आक्काला हिंदी फारसं कळत नव्हतं, पण दर भागात नवं सोंग घेऊन येणारा सतीश शाह तिला पहिल्याच दिवशी कळला. आमच्याकडं सुगीला बहुरूपी यायचे, आज पोलीस, उद्या पोस्टमन. "ह्यो आपल्यातलाच हाये," ती म्हणाली. काही मालिकांत मागून हसू टाकलेलं असतं, त्याचा मात्र तिला मनापासून राग होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती उठून टीव्हीच्या मागं बघून आली. "ही माणसं कुठं बसलीत?" मी सांगितलं, हे डब्यातलं हसू आहे, एकदा भरून ठेवतात आणि पाहिजे तिथं ओततात. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मग ह्यांना कसं कळायचं, आपलं जमलं का फसलं?" डब्यातल्या हशाविरुद्ध यापेक्षा नेमकं काही मी आजवर कुठं वाचलेलं नाही.

कॉलेजला मी पुण्यात आलो आणि 1995 च्या सुमारास एका व्यावसायिक नाटकाला संगीत वाजवायला बसलो. पहिल्याच प्रयोगात माझं बोट लवकर पडलं. दुसऱ्या अंकात प्रेक्षागृहात मोठा हशा आला होता आणि मी त्यावर फोनची घंटा सोडली. हशा तुटला. प्रयोगानंतर ज्येष्ठ नट मला एवढंच म्हणाले, "माझे हशे तुम्ही खाल्लेत." चूक माझी होती. रात्री कॉटवर पडलो तेव्हा मला अंगण आठवलं. मी वाक्यांकडं लक्ष देत बसलो होतो. स्क्रिप्टवर खूण होती, तिथं आलं की बटण. हसणाऱ्यांकडं माझं लक्षच नव्हतं. दुसऱ्या प्रयोगाला मी स्क्रिप्ट पालथी ठेवली आणि काचेची खिडकी उघडली. शब्द सोडून दिले. चिपटं, मापटं, शेर. बोट आपोआप पडायला लागलं.

त्या दिवसापासून माझ्या घरची चूल पेटते ती या मापांवर.

त्याच सुमारास आमच्या पूर्वेला खोडदला जीएमआरटीच्या दुर्बिणी उभ्या राहिल्या होत्या. 45 मीटर व्यासाच्या एकूण 30 तबकड्या, त्यातल्या 14 खोडदच्या आसपास. आक्काला मी एकदा मोटरसायकलवरून तिकडं नेलं. तिनं विचारलं, ह्याच्यावर कुठलं केंद्र लागतं? मी सांगितलं, आकाशातून येणारं फार बारीक बोलणं ऐकतात, डॉ. गोविंद स्वरूप नावाच्या शास्त्रज्ञानं हे उभं केलंय, आणि इथं गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली. तिला ते लगेच पटलं. "खरंय," म्हणाली, "जत्रेच्या रातीला घरात पोर रडलं की आमचं आख्खं हसू जायचं."

मग 2001 मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झालं. दिलीप प्रभावळकर आबा झाले होते. मी मुद्दाम त्या वेळेला येडगावात होतो. आक्कानं चिमणराव टीव्हीवर कधीच पाहिला नव्हता, माझ्या अंगातूनच पाहिला होता. मी सांगितलं, आक्का, हाच तो माणूस. ती पुढं सरकून बसली. अर्धा तास हलली नाही. शेवटी म्हणाली, "तू करायचास त्याच्यापेक्षा कमी करतो. म्हणून जास्त होतं." टिपऱ्यांच्या घरात कुणी कुणाला हसवायला जात नाही, सगळे आपापलं काम करत असतात, हे तिला फार आवडलं. "घरातल्यासारखं हसू हाये. चिपटं-चिपटंच, पण रोजचं." माझंही मत तेच आहे, आजही. दिग्दर्शक केदार शिंदेंनी नंतर मोठमोठं यश पाहिलं, पण त्या मालिकेतलं मऊ हसू मराठी टीव्हीला पुन्हा क्वचितच सापडलं.

तिची सगळ्यात लाडकी मात्र गंगूबाई. ई टीव्ही मराठीवरची 'कुमारी गंगूबाई नॉन मॅट्रिक', निर्मिती सावंत. आळीतल्या बायका कामं उरकून यायच्या आणि खोकला लागेपर्यंत हसायच्या. मी आक्काला विचारलं, एवढं काय आहे त्यात? तिनं जे उत्तर दिलं त्यानं मी चमकलो. तमाशात सोंगाड्या बाप्या, गवळणीतली मावशीसुद्धा बाप्याच, आणि हसणारे सगळे बापे. "इथं बाई हसवती आणि बाया हसत्यात. आमच्या वाटणीचं आत्ता आलं." पुढं विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, श्रेया बुगडे यांना ती याच प्रेमानं बघायची, पोरी म्हणायची त्यांना. साडी नेसून नुसता पदर उडवणारे बापे तिला आवडायचे नाहीत. मावशीचं सोंग तिनं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, तरी हिशोब पक्का होता: "देव वाट अडवतो, मावशी त्याच्याशी भांडती. ह्यो कुणाशी भांडतो?"

गाण्यात ती ढोलकीवरून माणूस ओळखायची. 'ऐका दाजीबा' 2002 मध्ये गाजलं तेव्हा वैशाली सामंतच्या आवाजाला तिनं लगेच पास केलं, म्हणाली पोरगी उभी राहून गाते. 'जत्रा' सिनेमातल्या अजय-अतुलच्या 'कोंबडी पळाली'ला आनंद शिंदेंचा गळा लागल्याबरोबर ती खूश, कारण त्यांच्या वडिलांच्या, प्रल्हाद शिंदेंच्या कॅसेटी आमच्या गावच्या टेम्पोत वर्षानुवर्षं वाजलेल्या, घरातलाच आवाज वाटायचा. 2009 च्या सुरुवातीला आळंदीची कार्तिकी गायकवाड 'लिटिल चॅम्प्स' जिंकली त्या रात्री आमच्या आळीत फटाके वाजले; मतांचे एसएमएस पाठवायला आक्कानं नातवंडांचे मोबाईल सक्तीनं गोळा केले होते. त्याच कार्यक्रमातल्या मुग्धा आणि आर्याही तिला आवडायच्या, पण आळंदी म्हणजे आपला जिल्हा. आणि 2016 मध्ये 'सैराट'. लॉस एंजेलिसच्या सिंफनी वादकांकडून वाजवून घेतलेलं संगीत आमच्या लग्नांच्या वरातीत डॉल्बीवर आलं. डॉल्बीनं तिच्या छातीत धडधडायचं, ती दार लावून घ्यायची. घरात मात्र तीच गाणी टीव्हीवर हळू लावून ऐकायची. "वाजवणारी माणसं लई हायेत ह्यात," ती म्हणाली, "पण एकमेकाच्या पायावर पाय देत नायत." हे वाक्य मी माझ्या मिक्सरच्या झाकणावर आतून लिहून ठेवलंय.

नाना गेल्यावर दोन वर्षांनी, 2012 च्या चैत्रात, मी तिला विचारलं, नारायणगावला मुक्ताईच्या जत्रेत फड लागलाय, येतेस? ती सत्तरीची होती. नाही म्हणाली. मग संध्याकाळी नवं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसली. आम्ही गेलो. मी पुढच्या बाजूला खुर्ची मिळवली होती. आजूबाजूला आता थोड्या बायकाही होत्या. गण झाला, गवळण झाली. तिचा हात मांडीवर ढोलकीबरोबर हलत होता, सगळं ओळखीचं होतं तिला. मग वाद्यं थांबली. सोंगाड्या पुढं आला, बतावणी सुरू झाली. चाळीस-पन्नास वर्षं जे शब्द पोचले नव्हते ते समोर, दहा हातांवर होते.

पहिला हशा आला आणि आक्कानं मान वळवली. मागं, प्रेक्षकांकडं. मला वाटलं तिला कुणी हाक मारली. दुसरा हशा आला, ती अजून मागंच बघत होती. मग तिनं खुर्चीच तिरकी करून घेतली. स्टेजवरच्या उजेडात मागच्या बाप्यांचे चेहरे दिसत होते, टोप्या, फेटे, दात पडलेली तोंडं, मांडीवर थापा मारणारे, डोळे पुसणारे. एक म्हातारा हसता हसता शेजाऱ्याच्या खांद्यावर कोसळला होता. ती बघत राहिली. एवढी वर्षं अंधारात आवाजावरून मोजलेली माणसं.

"हे आसे दिसत्यात व्हय," ती म्हणाली.

वग सुरू होईपर्यंत ती तशीच बसली होती. घरी येताना एसटी स्टँडवर चहा घेतला. ती नानांबद्दल बोलली, पहिल्यांदाच. म्हणाली, ते हसताना कसे दिसायचे ते मी पाहिलंच नाय. घरात ते हसायचे नाहीत. माळावरून येणाऱ्या त्या पायलीभर हसण्यात त्यांचं कितीसं होतं ते तिला कधी वेगळं काढता आलं नव्हतं.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळं नाट्यगृहं बंद झाली. माझ्या हाताला काम नव्हतं. मी येडगावला गेलो आणि आठ महिने तिथंच राहिलो. पुन्हा तेच घर, पुन्हा रिकाम्या हातानं आलेला मी. आक्कानं पहिल्या दिवशी विचारलं नाही की किती दिवस आलास. ताट वाढलं. रात्री आम्ही 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' लावायचो, जुने भाग पुन्हा पुन्हा. समीर चौघुलेंवर तिचं फार लक्ष असायचं. "ह्यो पडत नाय, पडायचं टाळत असतो, तवा हसू येतं," असं तिचं निदान. त्या महिन्यांत महाराष्ट्रात कितीतरी घरांत माणसं अशीच बसली असतील, बाहेरून ॲम्ब्युलन्सचा आवाज आणि आत हे.

आता तिची पंच्याऐंशी झाली. कान गेलेत. श्रवणयंत्र आणलं, ते तिला टोचतं, उशीखाली ठेवते. पण टीव्ही रोज लागतो. मी महिन्यातून दोनदा तरी जातो. पलीकडं धरणाचं पाणी, ओझरच्या विघ्नहराकडचे दिवे त्यात थरथरतात. खाटेवर ती, पायथ्याशी मी. पडद्यावर प्रसाद खांडेकर काहीतरी बोलतात, तोंडं हलतात, माणसं हातवारे करतात. आता तिला शब्द पोचत नाहीत आणि हसूही पोचत नाही. ती चेहरे बघते. मग माझ्या खांद्याला हात लावते.

"हसले का?"

"हसले."

"किती?"

मी आवाज थोडा वाढवतो, पुढच्या वाक्याकडं लक्ष देत नाही, उतरणाऱ्या हशाकडं देतो. तो पुरता उतरू देतो.

"शेराला कमी," मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगतो. "मापट्याला जास्त."

ती मान हलवते, पदर सारखा करते आणि पुन्हा पडद्याकडं बघते.